मी भीत भीत पाहिले

पोलिसातून निवृत्त झालेल्या माणसाने दिवाळी अंकात काय लिहावं, हे फोन करणाऱ्या संपादकांनी आधीच ठरवलेलं असतं. एखादा खून, एखादा दरोडा, बेड्या तोडून पळालेला आरोपी आणि शेवटी आमची फुगलेली छाती. माझ्याकडे त्यातलं काही नाही. मी सव्वीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठाण्यांत रायटर होतो. एकही दरोडेखोर पकडला नाही. नोकरीत जीव तोडून एकदाच धावलो, तेही साहेबांचं कुत्रं मागे लागलं म्हणून. तेव्हा मी एका शब्दाबद्दल लिहिणार आहे. तो मी इतक्या वेळा लिहिला की हाताला सवय झाली होती, आणि ज्या एका ठिकाणी लिहायला नको होता तिथेही लिहून गेलो.

रायटर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण माझ्या सुनेलाही लग्नानंतर वर्षभर वाटत होतं की सासरे कादंबऱ्या लिहितात. ठाण्यात माणूस तक्रार घेऊन येतो, बोलतो, रडतो, शिव्या देतो. ते सगळं ऐकून कायद्याला समजेल अशा मराठीत उतरवून घेणारा जो हवालदार, तो रायटर. माणूस कधी सरळ सांगत नाही. बैल चोरीला गेला हे सांगायला आलेला शेतकरी सासुरवाडीपासून सुरुवात करतो, मग मेव्हण्याच्या लग्नावर येतो, मग पाऊस कसा झाला नाही ते सांगतो, आणि बैल तासाभराने गोठ्यातून बाहेर पडतो. आम्ही लिहितो : "मी वरील ठिकाणी राहण्यास असून शेती करून उपजीविका करतो." संपलं. सासुरवाडी, मेव्हणा, पाऊस सगळे गेले. ठाण्यात बंदुका गंजल्या तरी चालतं, रायटरचं पेन वाळून चालत नाही, असं आमचे एक जुने जमादार म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कोर्टात जे जातं ते आमचं लिखाण. बोलणारा माणूस तिथे पोचेपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात आणि त्याला त्याचंच वाक्य विचारलं जातं.

प्रत्येक फिर्यादीला साचा असतो. वर "मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की" आणि खाली "माझी फिर्याद मला वाचून दाखविली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरी आहे." हे खालचं वाक्य ध्यानात ठेवा. मी ते माणसाचं बोलणं संपायच्या आधीच लिहून टाकायचो. वाचून दाखवणं मात्र गाडी कधी येते, साहेब किती घाईत आहेत आणि समोरच्या माणसाला वाचता येतं का, यावर अवलंबून असायचं.

आता तो शब्द. भीत भीत.

तरुणपणी मी तालुक्याच्या वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून काढली होती. भरती होण्याआधी मला मास्तर व्हायचं होतं. त्या पुस्तकांत हा शब्द जागोजागी भेटायचा. नवी सून भीत भीत सासऱ्यांपुढे चहा ठेवते. नापास झालेला पोरगा भीत भीत उंबरा ओलांडतो. मी तेव्हापासून त्यावर विचार करत आलोय, हसायचं असेल तर हसा. घाबरून माणूस पळतो, ओरडतो, नाहीतर जागेवर थिजतो. दबकत जाणाऱ्याच्या मनात काहीतरी काळं असू शकतं, मांजरही दबकतच दुधाकडे जातं. बिचकणं हे जनावराचं, क्षणभराचं. पण भीत भीत माणूस जातोच. पाऊल पुढे पडतं, जीव मागे राहतो, तरी पुढचं पाऊल पडतं. लिहिणाऱ्याने हा शब्द टाकला की वाचणारा त्या माणसाच्या बाजूचा होतो, त्याला वाटतं, बिचारं. म्हणून गोष्टी लिहिणारे तो वापरतात. आणि म्हणूनच मी तो सरकारी कागदावर आणला.

पहिल्यांदा आणला तो परळीत असताना. कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीच्या मागे एक टवाळ रोज स्टँडपर्यंत यायचा. तिच्या जबाबात मी लिहिलं, "मी भीत भीत मागे वळून पाहिले असता सदर इसम माझ्याकडे पाहून हसला." केस उभी राहिली तेव्हा मॅजिस्ट्रेट साहेबांनी ते वाक्य भर कोर्टात मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, हे स्वाभाविक वाटतं. टवाळाला शिक्षा झाली. आमचे साहेब इतके खूश की त्यांनी स्वतः चहा सांगितला. त्यानंतर महत्त्वाची फिर्याद आली की साहेब केबिनमधून ओरडायचे, "रायटर, तुमचं ते भीत भीत टाका बरं का!" मी टाकायचो. बाईमाणूस असेल तर हमखास, म्हातारा असेल तर बहुतेक. जसा हलवाई प्रत्येक पेढ्यावर पिस्ता लावतो तसा मी तो लावत गेलो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

एकदाच तोंडावर आपटलो होतो. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका धाब्यासमोरून एका पैलवानाची मोटारसायकल तिघांनी ओढून नेली. पैलवान ठाण्यात आला तेव्हा दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं. मी हाताच्या सवयीने लिहून गेलो की, "मी भीत भीत त्यांना प्रतिकार केला." पैलवानाबरोबर त्याचा धाकटा भाऊ आला होता. पैलवान त्याला म्हणाला, "वाच बे, काय लिवलंय रायटरनं." भावाने वाचलं. पैलवान माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. टेबल कुरकुरलं.

"म्या भ्यालो? दोघाला आपटलं तितं, तिसरा गाडी घिऊन पळाला. म्या भ्यालो?"

"अहो, तसं लिहिलं की कोर्टात बरं पडतं," मी म्हणालो.

"कोर्टात बरं पडंल, तालमीत काय तोंड दाखवू? फाडा ते."

मी कागद फाडला आणि नवा लिहिला. ठाण्यात आठवडाभर सगळे मला 'भीत भीत' म्हणून हाक मारायचे. मीही हसलो. त्या दिवशी मला एवढंच कळायला हवं होतं की पैलवानाबरोबर वाचणारं माणूस होतं, म्हणून त्याचं त्याला परत मिळालं. ते कळलं नाही. मी हसलो आणि विसरलो.

आता कौसाबाईचं सांगतो. नाव बदललंय, आणि गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून त्याच गावात आहेत, दोन्ही बाजूंची.

कौसाबाई बौद्ध घरातली. तिचा नवरा सुदाम गायरानातली दोन एकर जमीन बापाच्या काळापासून कसत होता. गावातल्या मोठ्या जमीनवाल्या घराला ते खुपायचं. ते मुद्दाम आपली जनावरं सुदामच्या उभ्या तुरीत सोडायचे. दोन वेळा त्याने हाकलून दिली. तिसऱ्या वेळी त्याने त्यांच्या तीन म्हशी हाकत गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातल्या. कायद्याने तो बरोबर होता. पण त्या घरच्या म्हशी सुदामने कोंडवाड्यात घालाव्यात आणि त्यांनी येऊन सोडवून न्याव्यात, हे साऱ्या गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊला शेताच्या पांदीत, दोन कुंपणांमधल्या अरुंद वाटेत, त्या घरच्या चौघांनी सुदामला अडवलं. काठ्या होत्या, कुऱ्हाडीचा दांडा होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

कौसाबाई दुपारी ठाण्यात आली. त्या दिवशी ठाणे अंमलदार मी होतो, म्हणजे फिर्याद नोंदवून घ्यायचं काम माझं. हातात भाकरीचं फडकं तसंच होतं, गाठ न सोडलेलं. लुगड्यावर रक्त होतं. ती रडत नव्हती. मी इतकी वर्षं रडणारी माणसं ऐकली होती, आणि खरं सांगतो, न रडणाऱ्या बाईपुढे मला जरा अवघडल्यासारखं झालं.

"बस. सांग," मी म्हणालो.

ती बसली नाही. तिने सरळ सांगितलं. सासुरवाडी नाही, पाऊस नाही. ती भाकरी घेऊन सुदामच्या मागून येत होती. पांदीच्या तोंडाशी कडब्याची गंजी आहे, तिथे पोचली तेव्हा आवाज ऐकला. डोक्यावरची पाटी तिथेच टाकली आणि पळत पुढे गेली; भाकरीचं फडकं मागाहून उचललेलं. चौघांची नावं तिने सांगितली, कोणाच्या हातात काय होतं तेही सांगितलं.

"त्या घरच्या थोरल्या पोरानं दांडा उचललेला. म्या त्येचं मनगट धरलं. ह्या हातानं. त्येनं झटकलं. त्येचा म्हातारा बाप म्हनला, बाईला लोटा बाजूला. मला लोटलं. म्या पुन्हा उठले."

मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"भ्याले न्हाई म्या," ती म्हणाली. "कावून भ्यावं? माझा माणूस खाली पडलेला. तवा भ्यायला टाइम कुटं हाय?"

मी पेन हातात घेऊन थांबलो. माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्या दिवशी कौसाबाईचं मी जसंच्या तसं लिहिलं नाही. मला वाटलं, हे कोर्टात टिकायचं नाही. चार पुरुष काठ्या घेऊन एकाला मारतात, बाई मध्ये घुसते, मनगट धरते आणि तिच्या अंगावर ओरखडाही नाही? आरोपीचा वकील पहिलं हेच विचारणार. बाई खोटं बोलते, तिथे नव्हतीच, असं म्हणणार. माझ्या अनुभवाने मला सांगितलं की बाईने लांबून पाहिलेलं बरं. लांबून, आडोशाने, घाबरलेल्या अवस्थेत. कोणाला विचारावं लागलं नाही, हात आपोआप चालला : "सदरचा आरडाओरडा ऐकून मी भीत भीत कडब्याच्या गंजीआड गेले व तेथून सदर प्रकार पाहिला." मनगटाचं मी लिहिलंच नाही. वाक्य झाल्यावर एकदा मनात वाचलं. चांगलं जमलं होतं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण त्या क्षणी मला ते चांगलं जमल्याचं समाधान वाटलं होतं.

बाहेर गाडी उभी होती. साहेबांना पंचनाम्याला निघायचं होतं, त्यांचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता. मी शेवटचं वाक्य लिहिलं, वाचून दाखविली, बरोबर व खरी आहे, आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

कौसाबाईने अंगठा पुढे केला आणि थांबली. "काय लिवलंय त्ये वाचा की येकदा."

"सगळं तुझंच आहे बाई. दे अंगठा, गाडी खोळंबलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा दिला. कागदाच्या कडेला मी लिहिलं, निशाणी डावा अंगठा. त्या दिवसापासून आजपर्यंत मी जे काही आहे ते त्या दोन वाक्यांमधलं आहे. तिने वाचायला सांगितलं आणि मी वाचलं नाही. दीड पान होतं. वाचायला चार मिनिटं लागली असती.

अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं, तपास डीवायएसपी साहेबांकडे गेला, चौघांना अटक झाली. पण फिर्याद माझ्या अक्षरातली, तीच सगळ्याच्या तळाशी. पुढे चौघे जामिनावर सुटले. गावातले जे तीन साक्षीदार होते ते एकेक करून फुटले. एकाला त्या दिवशी ताप होता, एक परळीला बाजाराला गेला होता, तिसऱ्याला दिसतच कमी होतं. उरली एकटी कौसाबाई. चार वर्षांनी केस सेशन कोर्टात उभी राहिली.

मलाही साक्षीला बोलावणं होतं, म्हणून मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिची उलटतपासणी उघड्या दारातून ऐकू येत होती. आरोपीचे वकील वयस्कर, फार गोड बोलणारे. ते तिला अहो-जाहो करत होते. आम्ही ठाण्यात कोणी केलं नव्हतं.

"बाई, तुम्ही म्हणता तुम्ही आरोपीचं मनगट धरलं. फिर्यादीत तसं लिहिलेलं नाही."

"म्या सांगितलं व्हतं."

"फिर्यादीत लिहिलंय की तुम्ही भीत भीत गंजीआड गेलात आणि तिथून पाहिलं."

मग तिचा आवाज आला. "भीत भीत? म्या न्हाई म्हनले आसं. म्या भ्याले न्हवते, सायेब. म्या म्होरं गेलते."

"मग हा अंगठा कुणाचा?"

"माझाच हाय."

"आणि फिर्याद वाचून दाखवली, बरोबर आहे, हे तुमच्या अंगठ्यावरच लिहिलंय ना?"

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मग वकिलांनी घटनास्थळाचा पंचनामा काढला. गंजीपासून, सुदामला जिथे मारलं त्या पांदीच्या वळणापर्यंत बाभळीचं दाट कुंपण होतं. आमच्याच पंचनाम्यात ते लिहिलेलं होतं. गंजीआडून वळण दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे बाई फिर्यादीप्रमाणे गंजीआड होती असं धरलं, तर तिने काही पाहिलंच नाही. आणि पुढे गेली असं ती आता म्हणत असेल, तर ते मागाहून शिकवलेलं. दोन्ही बाजूंनी दार बंद, आणि दोन्ही कड्या मी लावलेल्या.

दुपारी मला पिंजऱ्यात बोलावलं. कोर्टाची एक पद्धत आहे. फिर्यादीतल्या ज्या वाक्यावर वाद असतो त्याच्या दोन टोकांना अ आणि ब अशी खूण करतात आणि लिहिणाऱ्याला विचारतात. वकिलांनी माझं ते वाक्य अ ते ब करून माझ्यापुढे धरलं. माझंच अक्षर होतं, सुवाच्य. ते अक्षर पाहून एके काळी साहेब लोक मला बक्षीस द्यायचे.

"हवालदार साहेब, अ ते ब हा मजकूर फिर्यादी बाईंनी सांगितला म्हणूनच तुम्ही लिहिला ना?"

उत्तर दोनच शब्दांचं होतं. नाही, साहेब. तेवढं म्हणालो असतो तर काय झालं असतं, हे मी नंतर किती वेळा मोजलं असेन. कदाचित तरीही चौघे सुटले असते. वकील म्हणाले असते, पाहा, पोलिसांनी मनाने फिर्याद रचली, मग बाकीचं तरी खरं कशावरून. असं मी स्वतःला त्या क्षणी समजावलं, आणि आजही समजावतो. पण खरं कारण ते नव्हतं. नाही म्हणालो असतो तर माझी चौकशी लागली असती. पेन्शनला सात वर्षं उरली होती. कौसाबाई मागच्या बाकावर बसली होती. तिला वाटत होतं की आता मी सांगेन. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"होय," मी म्हणालो. "त्यांच्या सांगण्याप्रमाणेच लिहिलं."

"आणि वाचून दाखवलं?"

"होय. वाचून दाखवलं."

निकालाला मी गेलो नाही. संशयाचा फायदा देऊन चौघे निर्दोष सुटले, हे दुसऱ्या दिवशी ठाण्यात कळलं. कोणीतरी म्हणालं, साक्षीदार बाई कोर्टात बदलली. मी मान हलवली.

निवृत्त झालो तेव्हा सत्कारात एका साहेबांनी भाषण केलं की ह्यांच्या फिर्यादी म्हणजे साहित्य असायचं. लोक टाळ्या वाजवत होते. मी शाल सावरत बसलो होतो. घरी आलो, शाल कपाटात टाकली, ती अजून घडीतच आहे. आता ठाण्यांत कॉम्प्युटर आहेत. जुनी फिर्याद उघडायची, नावं बदलायची आणि प्रिंट काढायची. माझ्या हाताखाली शिकलेला एक रायटर मला मोठ्या प्रेमाने म्हणाला, "काका, तुमचं भीत भीत अजून चालू हाय बरं का, सगळ्या फिर्यादीत हाय." त्याला वाटलं मला आनंद होईल.

गेल्या वर्षी मी कोर्टाच्या नकला विभागातून त्या फिर्यादीची नक्कल काढली. बायको म्हणाली, कशाला उकरताय जुनं. तिला नीट सांगता आलं नाही. मला ती वाचून दाखवायची होती, एवढंच. त्या शेवटच्या वाक्याखाली माझी सही आहे, आणि ते वाक्य तरी मरायच्या आधी खरं व्हावं, असं वाटत होतं. दुसरं काही माझ्या हातात राहिलेलं नव्हतं.

मोटारसायकलवर गेलो. दिवस कलायला आला होता. गावात एका माणसाला घर विचारलं, तर त्याने घर दाखवण्याआधी मला विचारलं, "तुमी कोन?" मी नातेवाईक म्हणून सांगितलं. गावाच्या कडेला वस्तीत तिचं पत्र्याचं घर. गायरानातली जमीन पडीक पडल्याचं येतानाच दिसलं होतं. मी गाडी दारात लावली, इंजिनाचा आवाज बंद झाला, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग दार चार बोटं उघडलं. एक डोळा माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे, पुन्हा माझ्याकडे. ती बाहेर आली ती एक हात दाराला धरून. एक पाऊल टाकलं, रस्त्याकडे पाहिलं, मग दुसरं टाकलं.

मी हा शब्द सव्वीस वर्षं लिहीत होतो. तो कसा दिसतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चार माणसांच्या काठ्यांमध्ये घुसून मनगट धरणारी हीच ती बाई होती.

"ओळखलं का, कौसाबाई? मी..."

"वळखलं," ती म्हणाली. "रायटर तुमी. आता काय लिवायचं ऱ्हायलंय?"

मी खिशातून नक्कल काढली. म्हणालो की तेव्हा वाचून दाखवायची राहिली होती, ती आज वाचतो, ऐकून घ्या. पहिल्यांदाच मी तिला अहो-जाहो केलं. ती खाली उंबऱ्यावर बसली. मी उभ्याने वाचलं, सगळं, मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून इथपासून. त्या वाक्याशी आलो, तेही वाचलं. तिने मान वर केली नाही.

"तवा भ्याले न्हवते, सायेब," ती म्हणाली. "आता भिते. पांदीनं जात न्हाई, लांबून जाते. त्ये घरचं कुनी दिसलं की वाट सोडते. गाडी वाजली की कडी लावते. त्येनला ठावं हाय आता, ही बाई भित्री, कोर्टात लिवलेलं हाय." आणि मग, राग नसलेल्या आवाजात, जणू मला काही कळवायचं राहिलं होतं म्हणून, "तुमी लिवलेलं खरं झालं बगा."

माझ्या खिशाला पेन होतं. मी म्हणालो, "ते वाक्य मी खोडतो. इथे, तुमच्यासमोर. बाजूला सही करतो." आमचा नियम आहे, खाडाखोड केली की कडेला सही करायची.

"खोडून मग काय हुतंय?"

तिने रस्त्याकडे पाहिलं. रानातून माणसं परतायची वेळ झाली होती, लांबून म्हशींच्या गळ्यातल्या लोढण्यांचा खडखडाट येत होता.

"जावा सायेब," ती उठत म्हणाली. "त्ये लोक येतील आता. तुमची गाडी दारात दिसली तर इचारतील मला, कोन आल्तं, कावून आल्तं. तुमी जासाल. मला हितंच ऱ्हायचंय."

दार लागलं. कडी लागली. मी कागद घडी करून खिशात ठेवला. तो खोडलेला नाही, तसाच आहे. गाडीला किल्ली लावली आणि थांबलो. म्हशींमागून येणारी माणसं अजून वळणापलीकडे होती. मी किल्ली काढली, स्टँड वर घेतला आणि इंजिन सुरू न करता गाडी ढकलत, मागे पाहत पाहत, वेशीच्या बाहेरपर्यंत नेली.